वाळ्याचा काठ

आमच्या घरमालकांना भरती-ओहोटीचं वेड होतं आणि राहत होते ते टेंभुर्णीत. टेंभुर्णीहून समुद्र गाठायचा तर सगळा दिवस एसटीत जातो. पण मी खोली बघायला गेले तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगायच्या आधी त्यांनी मला सांगितलं की यंदा ओहोटी लांबली आहे, ज्येष्ठ आला तरी पाणी म्हणावं तसं उतरलेलं नाही. मी सोलापूर शहरात वाढलेली, नुकतीच इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेली. मनात म्हटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो. पण खोली हवेशीर होती आणि शाळा जवळ, म्हणून हो म्हणून टाकलं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांची ओहोटी म्हणजे धरणाची. भीमेवरचं धरण भरलं की पाणी मागे मागे पसरत जातं, त्याला फुगवटा म्हणतात. पावसाळ्यात ते काठोकाठ चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत दूर आत सरकतं, मागे भेगाळलेला गाळ ठेवून. अण्णांचं मूळ गाव त्या पाण्याखालीच होतं. नवं गाव वर माळावर वसवलं होतं. ते स्वतः टेंभुर्णीत राहत, पण मन त्या काठावर.

"समुद्राला दिसातनं दोनदा भरती येती," ते म्हणत, "आमच्याला वर्सातनं एकदाच. पन चावा तेवडाच घेती."

कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात स्वच्छ पांढरा सदरा आणि गुडघ्यापासून खाली चिखल, असा त्यांचा अवतार असे. सदरा कधी मळत नसे आणि पाय कधी धुतलेले नसत. सकाळी पूजा आटोपली की जुन्या मोपेडला ओलं पोतं बांधून ते काठावर जात आणि मी शाळेला निघताना परत येत. जिन्याखाली गाठ पडली की नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसतं "बारा" म्हणत. काही महिन्यांनी "अकरा" झालं. मला वाटलं, जपाच्या माळा असतील. शेवटी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या महानंदानं मला उलगडून सांगितलं. ती अण्णांच्याच गावची. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाची रुद्रभूमी, म्हणजे लिंगायतांची पुरण्याची जागा, अगदी फुगवट्याच्या काठावर होती आणि पहिल्याच रांगेत तिची समाधी होती. समाधीपासून कड्यापर्यंत किती पावलं उरली, तेवढं अण्णा रोज मोजून येत.

हे कळल्यावर मी त्यांना मनात म्हातारा म्हणायचं बंद केलं.

काठ आधी असा खचत नव्हता. रुद्रभूमीच्या अलीकडे उसाला पाणी उपसणाऱ्या मोटारींसाठी कोणीतरी दगडाची भिंत घातली, तेव्हापासून हे सुरू झालं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की मैलभर मोकळ्या पाण्यावरून लाटा येतात. भिंतीवर आपटतात आणि भिंत जिथे संपते तिथून वळून माती खातात. भिंत जिथे संपत होती तिथूनच रुद्रभूमी सुरू होत होती. अण्णा दोन-चार वेळा तालुक्याला सांगून आले. तिथे त्यांना बसायला खुर्ची मिळाली आणि चहा मिळाला.

ही गोष्ट त्यांनी एकदा माढ्याला एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना समजावून सांगितली. आम्ही शेजारी बसलो होतो. भाताचं आळं करून त्यांनी आमटी घेतली, भाताच्या कडेला पापडाचा तुकडा उभा खोवला आणि बोटानं आमटी हलवायला लागले. पापड ऐटीत उभा होता, पण त्याच्या पायाशी भात सुटत गेला आणि थोड्या वेळानं पापड सपशेल आडवा झाला. मग दुसऱ्या बाजूला कोथिंबिरीच्या काड्या रोवल्या. आमटी काड्यांमधून आत गेली, दमून परत आली आणि भात जागच्या जागी राहिला. समोरच्या पंगतीतली माणसं हात थांबवून बघत होती. नवरीचा मामा आमटीचा डाव घेऊन ताटकळला होता. तो म्हणाला, "अण्णा, जेवा की आता." अण्णा जेवले नाहीत. त्यांना दोन्ही काठ मोडवेनात.

मला हसू आलं होतं. रात्री घरी आल्यावर जाणवलं की मी पाठ्यपुस्तक हातात धरून दोन तासांत जे शिकवू शकले नसते ते त्यांनी पत्रावळीवर शिकवलं होतं.

हे ते कुठे शिकले, ते एका दुपारी वीज गेलेली असताना पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते कोकणात खाडीकाठच्या बांधांच्या कामावर मुकादम होते. खाडीच्या चिखलात तिवरांची दाट झाडी होती. साहेबानं सांगितलं, ती तोडा, तिथे दगडाचा बांध घालायचाय. अण्णांनी माणसं लावली आणि झाडी साफ केली. खाडीकाठाला राहणारी एक म्हातारी रोज येऊन त्यांना शिव्या घालायची, तिला ते हसायचे. दुसऱ्याच पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बांध पायातून सुटला. पलीकडे, जिथली तिवरं तोडायची राहून गेली होती, तिथला काठ जसाच्या तसा होता. म्हातारीचं घर गेलं आणि भाताचं खाचर खारं झालं. ती जगली. अण्णा भेटायला गेले तर तिनं शिव्या दिल्या नाहीत, नुसतं त्यांच्याकडे बघत राहिली. अण्णांनी त्या महिन्यात बदली मागून घेतली.

"मी तोडलंय, बाई," ते म्हणाले. "साहेबानं सांगितलं, पन कोयता माज्या मानसांच्या हातात व्हता."

इथे तिवर उगवत नाही, म्हणून इथे काय उगवतं याचा त्यांनी शोध घेतला. सहा-सात महिने पाण्याखाली आणि उरलेले महिने उन्हात, असं दोन्ही सोसणारं झाड त्यांना हवं होतं. नदीच्या जुन्या डोहांजवळ हिंडून त्यांनी वाळा आणला, लव्हाळा आणला, वाळुंजाचे फाटे आणले. पाणी उतरलं की ते गाळात तुराट्यांचा बुटका कूड घालत. लाट त्यात अडून मंद व्हायची आणि मागे गाळ बसायचा. त्या गाळात खाली लव्हाळा, वर वाळ्याच्या ओळी आणि कड्याशी वाळुंजाचे फाटे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. समाध्यांच्या पुढे वाळ्याच्या सात-आठ ओळी उतारावर आडव्या गेल्या होत्या, शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशा. अण्णांनी एक ठोंब उपटायला सांगितला. मी दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला, तो हलला नाही. अण्णा खूश झाले. बायकोच्या समाधीवरची वाळकी पानं झाडत ते तिला म्हणाले, "बाईनी बी वडून बगितलं. निवांत बस."

लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, हे मला माहीत होतं. पण मातीखाली बसलेल्या माणसाशी असं समोरासमोर बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन पावसाळे काठ जागचा हलला नाही. अण्णा जिन्याखाली "नऊ" म्हणत आणि पुढच्या आठवड्यात परत "नऊ", आणि मग "नऊच की, बाई." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशानं पाहिला नाही.

आता जे सांगायचंय ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं.

आमच्या भागात अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याचा घट भरतात. नवा मातीचा घट, त्यात गार पाणी आणि पाण्यात वाळ्याची मुळं. ते पाणी कुणा वडीलधाऱ्याला प्यायला दिलं की आपल्या माणसाची तहान भागते, असं मानतात. माझे वडील आदल्या वर्षी गेले होते, म्हणून त्या वर्षी मीही घट आणला. वाळा बाजारातून आणायचा होता, तर महानंदाच सकाळी जुडी घेऊन दारात आली. म्हणाली, "बाजारातला शिळा असतोय, बाई. ह्यो आपल्या रुद्रभूमीतला. अण्णांनी लावल्याला. लई वास हाय." गावातल्या सगळ्या घरांनी तिथूनच आणला होता. सणाच्या आधी रुद्रभूमी झाडून-सारवून स्वच्छ करायची रीत आहे. बायका-माणसं टिकाव-खोरी घेऊन गेली, गवत काढलं आणि वाळ्याचे ठोंब खणून मुळं वाटून घेतली. पूर्वजांच्या पायाशी वाढलेला वाळा पूर्वजांच्याच घटात, याच्याहून चांगलं काय असणार, असं सगळ्यांना वाटलं.

मलाही वाटलं. सहावीच्या वर्गाला मी दर वर्षी शिकवते की मुळं माती धरून ठेवतात. प्रश्न पेपरातही काढते. तरी मी जुडी हातात घेतली, नाकाला लावली आणि म्हटलं, किती छान.

घट भरून मी पहिला तांब्या अण्णांनाच दिला. वर कौतुकानं सांगितलंही, "तुमच्याच वाळ्याचं आहे, अण्णा." तांब्या ओठाशी नेता नेता ते थांबले. माझ्या वडिलांच्या नावाचं पाणी होतं, ते परत करता येत नव्हतं. डोळे मिटून अण्णा ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग विचारलं, "महानंदानं किती आनला?"

मी म्हटलं, टोपलीभर होता.

भर दुपारी ते मोपेड काढून गेले आणि ऊन उतरल्यावर आले. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली भेटले, पण कुठलाच आकडा बोलले नाहीत. काय झालं ते मला तेव्हा लख्ख कळलं. मी शाळेत गेले आणि खिचडीच्या चुलीपाशी महानंदाला सांगितलं. संध्याकाळी ती अण्णांकडे गेली, पायाशी बसली. मला ओरडा ऐकू येईल म्हणून मी वर कान देऊन होते. अण्णा एवढंच म्हणाले, "तुजं काय चुकलं? गेल्याल्यांसाटीच न्हेलंस न्हवं."

मला त्यांनी एवढंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

उरलेल्या दिवसांत त्यांनी आणि महानंदानं डोहाकडून नवे ठोंब आणून लावले. पण वाळ्याला मूळ खोल न्यायला वेळ लागतो आणि पाणी कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षी टेंभुर्णीत आभाळ कोरडं होतं, तरी वरच्या घाटात पाऊस कोसळत होता आणि फुगवटा भराभर चढला. आषाढ सरता सरता वारा सुटला. आठ, सहा, चार, असं अण्णा परत मोजायला लागले, पण आता आकडा माझ्याकडे न बघता सांगत.

नागपंचमीची सुटी होती. सकाळी महानंदाचा फोन आला, अण्णांच्या बायकोची समाधी उघडी पडतीय, लगेच या. मी गेले तेव्हा रुद्रभूमीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. कडा समाधीपर्यंत आला होता. उभ्या चिरलेल्या मातीत, पुरताना घातलेल्या विभूतीची पांढरी रेघ दिसत होती आणि तिच्या खाली काय असणार ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी खाली वाकून बघत नव्हतं. समाधी वरून उकरून बायकोला मागे दुसऱ्या जागी बसवायचं, हाच एक मार्ग होता. पण मठपती, म्हणजे मरणाचे विधी करणारे स्वामी, आल्याशिवाय समाधीला कुदळ लावायची नाही, असा रिवाज. ते माढ्याहून निघाले होते. मध्ये कुठल्याशा घरी कार्य होतं, ते उरकून दुपारपर्यंत येणार होते. मी एका वडीलधाऱ्या माणसाला म्हटलं, तोवर माती राहायची नाही, आत्ताच काढा. ते म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. पन तिला तसं हात लावून कसं उटवायचं?" मी अण्णांकडे पाहिलं. ते त्या माणसाशी वाद घालत नव्हते. त्यांचाही रिवाज तोच होता.

त्यांनी सदरा काढून घडी घातला, बाजूच्या समाधीवर ठेवला आणि कड्यावरून पाण्यात उतरले. कमरेएवढं पाणी होतं. बायकोच्या समाधीच्या बरोबर पुढे, कड्याला पाठ लावून ते उभे राहिले. लाट येई, त्यांच्या छातीवर फुटे, थोडी अलीकडे थोडी पलीकडे जाई. लोक वर या, वर या म्हणत होते.

"मानूस उबा ऱ्हायला तरी लाट जरा मोडती," अण्णा म्हणाले.

महानंदानं पदर खोचला आणि तीही उतरली. त्यांच्या शेजारी जाऊन तशीच पाठ लावून उभी राहिली. तिचं बाळ, सहा महिन्यांचं, दुसऱ्या रांगेत पुरलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग आणखी दोघी उतरल्या आणि एक म्हातारा. पाच माणसं एका ओळीत.

मी उतरले नाही. मला पोहता येत नाही, हे खरं आहे. पाणी कमरेएवढंच होतं, हेही खरं आहे.

तासभर त्यांनी काठ धरला. मग मागून माती सुटली, फार आवाज न करता. ती अण्णांच्या पाठीवर, खांद्यांवर आली आणि पायाशी पाण्यात विरली. बायका किंचाळत बाजूला झाल्या. अण्णा वळले नाहीत. ते समोरच्या पाण्याकडे बघत उभे राहिले, मागून त्यांच्या अंगावरून त्यांची बायको जात होती तोवर. कोणीतरी दोघांनी त्यांना बगलेत धरून वर आणलं. अर्ध्या तासानं मठपती पिशवीत बेलाची पानं घेऊन आले. उघडायला काही उरलं नव्हतं. त्यांनी पाण्यावर विभूती टाकली, बेल वाहिला आणि तेही कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

मला वाटलं, आता अण्णा काठावर पाऊल ठेवणार नाहीत. पाणी उतरल्यावर ते पहिल्या दिवशी गेले. गाळात बायकोचं काही सापडतं का ते बघायला गेले असतील म्हणून मी मागोमाग गेले, तर ते तुराट्यांचा कूड घालत होते, दुसऱ्या रांगेच्या पुढे. मी म्हटलं, अण्णा, आता कशाला?

"तिचं झालं," ते म्हणाले. "मागं महानंदाचं लेकरू हाय."

त्या वर्षापासून मीही सुटीच्या दिवशी ठोंब लावायला जायला लागले. गावानं ठरवलं की घटाचा वाळा बाजारातून आणायचा आणि रुद्रभूमीतल्या गवताला हात लावायचा नाही. काठ तेव्हापासून फारसा सरकलेला नाही. तरी सरकारकडून हमरस्त्यापलीकडे माळावर नवी जागा मिळाली आणि हळूहळू लोक नव्यानं गेलेल्यांना तिकडे न्यायला लागले.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही तिघं काठावर काम करत होतो, तेव्हा अण्णा अंगठ्यानं गाळ दाबत म्हणाले, "मला हितंच बसवा. सगळ्यात पुडं. मानसाच्या हाडानं काट ऱ्हात न्हाय, त्ये मला ठावं हाय. पन ती ह्या पान्यात हाय. मी माळावर जाऊन काय करू?" मूल नव्हतं त्यांना, पुण्याला एक पुतण्या होता. "त्यो तुमाला इचारल, बाई. तुमी सांगा."

मी हो म्हटलं.

माघात ते पूजेला बसले आणि बसल्या जागीच गेले. पुतण्या आला. चांगला मुलगा आहे. अंगणात गावची माणसं होती, मठपती होते, बेलाची पानं निवडत महानंदा बसली होती. नवी जागा की जुनी, असा विचार चालला होता. पुतण्या माझ्यापाशी आला. "तुमच्याशी ते बोलायचे," तो म्हणाला. "कुठं बसवा, असं काही म्हणाले होते का?"

माझ्या डोळ्यांसमोर ती चिरलेली माती आली आणि तीतली पांढरी रेघ. एखाद्या श्रावणात परत फोन येईल, परत माणसं जमतील, आणि पाठ लावून उभं राहायला या वेळी अण्णा नसतील. मी तेव्हाही वरच उभी असेन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही बोलले नव्हते."

महानंदानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग परत पानं निवडायला लागली.

हमरस्त्यापलीकडे माळावर त्यांना बसवलं आहे. जागा उंच आहे, कठीण मुरमाची आहे. तिथून पाणी दिसत नाही.